चूक कुणी पकडायची? प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांचं ऐकताना

रानपाखरू (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी.

हडपसरहून हिंजवडीला जाताना बसमध्ये रोज दीडेक तास मिळतो. गेली दोन वर्षं मी त्या वेळात प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांच्या मुलाखती आणि व्याख्यानं ऐकतोय. सुरुवातीला हेतू साधा होता, पुढची भाषा कोणती शिकावी एवढाच. पण वहीत टिपणं काढायला लागलो तसं लक्षात आलं की ही माणसं वेगाबद्दल आणि मागणीबद्दल फार कमी बोलतात. ती चुकांबद्दल बोलतात, आणि त्यात स्वतःच्या चुकाही असतात.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांचं २००९ सालचं लंडनमधलं व्याख्यान मी तीन वेळा ऐकलं. १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी संदर्भांची (माहिती मेमरीत कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणांची) रचना करताना त्यांनी 'नल' आणला, म्हणजे 'इथे काहीच नाही' असं सांगणारा संदर्भ. खरं तर कुठलाही संदर्भ वापरताना तो सुरक्षित असल्याची खात्री कंपायलरनेच, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनेच करावी, असा त्यांचा हेतू होता. पण नल घालणं इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी भरसभेत त्यांनी त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला माणूस इतक्या सरळपणे बोलतो तेव्हा बसच्या गोंगाटातही कान टवकारतात.

दुसरे होअर म्हणजे ग्रेडन होअर. आडनाव तेच, माणूस वेगळा. २००६ साली व्हँकुव्हरमध्ये ते ज्या इमारतीत राहायचे तिथली लिफ्ट बंद पडली, कारण तिचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्यांच्या डोक्यात आलं ते असं, की लिफ्टसारख्या साध्या यंत्राचा प्रोग्रॅम आपण न कोसळणारा लिहू शकत नाही. त्यातून रस्ट ही भाषा सुरू झाली. आधी ते त्यांचं घरचं काम होतं, मग फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने पाठबळ दिलं आणि मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी दारात पणत्या लावत होतो आणि फोन वाजला. पैसे भरण्याची आमची सेवा बंद पडली होती. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, नल पॉइंटर एक्सेप्शन. एका नव्या भागीदाराच्या नोंदीत 'पर्यायी पत्ता' हा रकाना रिकामा आला होता आणि आमच्या जावा कोडने तो भरलेलाच असणार असं गृहीत धरलं होतं. दुरुस्ती एका 'जर'ची. ती शोधून, तपासून, चढवायला चाळीस मिनिटं गेली. ओळ लिहिणारा मुलगा नोकरीला लागून सहा महिने झाले होते, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो कोड तपासून पुढे पाठवला होता मी. ते मी तिथे बोललो, पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच.

त्या दिवसापासून माझं एक मत बनत गेलं आणि या मुलाखतींनी ते पक्कं केलं. भाषा निवडताना आपण एकच गोष्ट ठरवत असतो, चूक कुणाच्या पदरात पडू द्यायची. सकाळी अकरा वाजता कंपायलरच्या, आठवड्याने टेस्टरच्या, सणाच्या रात्री फोन घेणाऱ्याच्या, की थेट ग्राहकाच्या? वेग, वाक्यरचना, पगार या गोष्टी मला आता त्यानंतरच्या वाटतात.

मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने २०१९ साली मांडलं होतं की त्यांच्याकडच्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरी चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे होत्या. म्हणजे सी आणि सी++ मध्ये पिढ्यान्पिढ्या हुशार माणसंही ज्या चुका करत आली त्याच. हा आकडा वाचून 'अजून काळजीपूर्वक लिहा' हा सल्ला मला अपुरा वाटायला लागला.

तुमच्या क्षेत्रात चूक कोण पकडतं? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गारठा (सोमवार, रात्री १०.२५)

वाचनखूण साठवली. उद्या लिहितो, इथे आत्ता कामाची वेळ आहे.

जुनाखांब (सोमवार, रात्री ११.१०)

धागा आवडला. माझं वय चौसष्ट, डोंबिवलीत असतो, नोकरीची बहुतेक वर्षं अंधेरीला सीप्झमध्ये मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांवर गेली. भाषा कोबोल.

१९९८ मध्ये आम्ही अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम तपासत होतो. वर्षाला दोनच अंक, कोबोलमध्ये 'पिक ९९', त्यामुळे २००० उजाडलं की ते १९०० समजलं जाण्याची भीती. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदावर छापलेले गठ्ठे, हातात लाल पेन्सिल. तारीख कुठल्या रकान्यात आहे हे नावावरून कळेल अशी सोय नव्हती. लिहिणाऱ्याने 'एक्स-१' असं नाव दिलेलं असायचं आणि तो माणूस १९७४ मध्येच दुसरीकडे गेलेला. सगळीकडे चार अंक करणं परवडणार नव्हतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी खिडकी पद्धत वापरली. ५० च्या खालचा आकडा असेल तर २००० नंतरचं साल, वरचा असेल तर १९०० नंतरचं. म्हणजे चूक मिटली नाही, पुढच्या पिढीकडे सरकली. ते आम्हाला तेव्हाही कळत होतं.

पण कोबोलची बाजूही ऐका. १९५९ साली समिती बसली तेव्हापासून ही भाषा हिशेबासाठीच बनली. 'पिक एस ९(७) व्ही ९९' असं लिहिलं की सात आकडी रुपये आणि दोन आकडी पैसे, बेरीज दशमान पद्धतीनेच होणार. आजच्या बहुतेक भाषांत साध्या अपूर्णांकांनी ०.१ आणि ०.२ मिळवून पाहा, ०.३०००००००००००००००४ येतं. एका खात्यावर काही बिघडत नाही. लाखो खात्यांवर रोज व्याज लावायचं असेल तर दिवसाअखेर ताळमेळ बसत नाही आणि ऑडिटर समोर बसतो. ही चूक आमची भाषा होऊच देत नव्हती.

एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे बेकारी भत्त्याचे अर्ज तुंबले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांना मदतीला या म्हणून जाहीर आवाहन केलं. बातमी वाचून आमच्या जुन्या गटात सगळ्यांचे फोन एकमेकांना. म्हणून सांगतो, जुनं ते सगळं फेकून नव्या भाषेत लिहा असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. त्या कोडमध्ये चाळीस वर्षांचे निर्णय असतात आणि ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसतात.

रानपाखरू (मंगळवार, सकाळी ८.१५)

काका, मनापासून आभार. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला अगदी अलीकडचा पुरावा आहे. गुगलच्या अँड्रॉइड गटाने २०२४ मध्ये मांडलं की त्यांच्या सुरक्षा त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आला. आणि हे जुना कोड सरसकट पुन्हा लिहून झालेलं नाही. त्यांनी फक्त नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला घेतला. जुन्या कोडमधल्या त्रुटी वर्षानुवर्षं सापडत, दुरुस्त होत कमी होत जातात. सगळ्यात धोकादायक कोड हा नुकताच लिहिलेला असतो. म्हणजे तुमचे खांब उभे ठेवून नवी भिंत नीट बांधायची. मला हे फार पटलं.

नांगरधार (मंगळवार, दुपारी १.४०)

चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, बारा वर्षं सी. इथे मला थोडं भांडायचं आहे.

आमच्याकडे 'भाषा चूक पकडेल' असं कुणी धरूनच चालत नाही. १९९८ पासून मिस्रा सीची नियमावली आहे. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नको, चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणं-सोडणं नको, असे शेकडो नियम आणि ते तपासणारी साधनं. भाषा मोकळी, पण आम्ही तिला कुंपण घालून घेतलं. या पद्धतीने रस्त्यावर कोट्यवधी गाड्या धावतायत.

आता कुंपणातून काय निसटतं तेही सांगतो. डॅशबोर्डच्या एका प्रोजेक्टवर इंधनाचा काटा मधूनच उडी मारायचा. टाकी अर्धी आणि काटा क्षणभर रिकाम्यावर. टेबलावर बोर्ड, शेजारी उष्णतेची पेटी, आम्ही तापमान वाढवून-कमी करून बघतोय, सेन्सर बदलतोय. नऊ दिवस गेले. शेवटी मेमरीचा नकाशा छापून भिंतीला लावला तेव्हा दिसलं. ॲरेच्या (ओळीने मांडलेल्या माहितीच्या) आठ घरांवरून एकेक करत फिरणाऱ्या लूपमध्ये 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा समान' होतं. नववं घर अस्तित्वातच नाही, त्या जागी शेजारचा व्हेरिएबल म्हणजे इंधनाची पातळी. ती नियमितपणे पुसली जात होती. कंपायलर गप्प. तपासणीच्या साधनाने इशारा दिला होता, पण चारशे इशाऱ्यांच्या यादीत तो कुणीतरी 'नंतर पाहू' म्हणून बंद केलेला. तो 'कुणीतरी' आमच्याच गटातला होता.

तर कुंपण माणसांनी राखायचं असेल तर माणूस दमतो, हे मान्य. तरी उद्यापासून रस्ट असं आमच्याकडे होत नाही. इथे कंपायलरलाही प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या अखेरीस फेरोसीन नावाच्या रस्ट कंपायलरला आयएसओ २६२६२ या सुरक्षा-मानकाखाली वाहनांसाठी मान्यता मिळाली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या मीटिंगमध्ये रस्टचं नाव गांभीर्याने निघालं. त्यापुढे चिपचे ड्रायव्हर, पुरवठादारांची लायब्ररी, शिकलेली माणसं हे सगळं यायचं आहे.

रानपाखरू (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

नांगरधार, हा अनुभव वाचून टोनी होअर यांचीच दुसरी आठवण सांगावीशी वाटते. १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी ती सांगितली आहे. साठच्या दशकात एलियट कंपनीत त्यांनी अल्गॉल ६० चा कंपायलर केला. ॲरेच्या प्रत्येक वापराला घर मर्यादेत आहे का हे चालू प्रोग्रॅममध्येच तपासलं जायचं. पुढे त्यांनी ग्राहकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? सगळ्यांनी एकमुखाने नको म्हणून सांगितलं. त्यांना माहीत होतं की अशा चुका रोजच्या कामात किती वेळा होतात. म्हणजे तुमचं नववं घर तेव्हाच पकडलं गेलं असतं. नंतर वेगाच्या नावाखाली आपण ही सोय सोडून दिली आणि होअर यांनी त्याच व्याख्यानात याबद्दल तीव्र खंत व्यक्त केली. मला ती आजही लागू वाटते.

बाकावरचा (मंगळवार, रात्री १०.३०)

मी इचलकरंजीला डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादा, दोन प्रश्न. रस्टमधला बॉरो चेकर नेमका काय करतो? व्हिडिओ पाहिले, नीट कळलं नाही. आणि आता एआय कोड लिहितोच, तर भाषा खोलात शिकायची गरज आहे का? आमच्या वर्गात सगळे नाही म्हणतात.

रानपाखरू (बुधवार, सकाळी ७.५०)

पहिल्याचं उत्तर सातबाऱ्यावरून देतो. प्रत्येक डेटाच्या उताऱ्यावर एका वेळी एकच मालक. मालक गेला की डेटा मोकळा होतो, आणि मालकी दुसऱ्याला दिली तर पहिल्याचा हक्क संपला. उतारा नुसता वाचायला मात्र कितीही जण एकाच वेळी नेऊ शकतात. पण कुणाला त्यात फेरफार करायचा असेल तर त्या काळात तो एकटाच, दुसऱ्या कुणाला वाचायलाही मिळणार नाही. एक तर वाचणारे अनेक, नाहीतर फेरफार करणारा एक. जमिनीच्या बाबतीत हे असं असावं अशी आपली इच्छा असते. रस्टमध्ये कंपायलर ते पाळूनच घेतो, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होत नाही. पहिले दोन महिने त्रास होतो. माझ्याच कोडवर तो अडून बसायचा आणि दहापैकी आठ वेळा त्याचं बरोबर असायचं.

दुसऱ्याचं उत्तर कुणीतरी द्या, मी बस पकडतो.

गारठा (बुधवार, दुपारी २.२०)

म्युनिकहून. देतो मी.

२०२५ मध्ये मेटर या संशोधन संस्थेने मुक्त-स्रोत प्रकल्पांवरच्या १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांत २४६ कामं दिली. काही एआयसह, काही त्याशिवाय. त्यांना वाटलं आपण एआयमुळे सुमारे २० टक्के लवकर उरकलं. मोजल्यावर १९ टक्के जास्त वेळ लागलेला निघाला. ही साधनं झपाट्याने बदलतायत आणि मीही रोज वापरतो, त्यामुळे हा आकडा कायमचा धरू नकोस. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते वाटणं आणि असणं यातलं अंतर. एआयने दिलेला कोड दिसायला नेटका असतो. तो चुकीचा आहे हे ओळखायला भाषा आतून माहीत लागते. एआयचा कोड मी टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार (आकडा, मजकूर वगैरे), कडकपणे तपासणाऱ्या भाषेत घेतो तेव्हा निम्मी भांडणं कंपायलरच करून टाकतो.

आता टाइपस्क्रिप्टबद्दल, कारण मी त्यातच काम करतो. जावास्क्रिप्टचं पहिलं रूप ब्रेंडन आइख यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभं केलं. त्यावर टाइपची तपासणी चढवायला २०१२ साल उजाडलं, ती टाइपस्क्रिप्ट. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कल आणि सी शार्पवालेच. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत आणतोय. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनाच्या पंधरा लाख ओळी तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले.

लोक तुटून पडले. स्वतःची सी शार्प का नाही, रस्ट का नाही? त्यांचं उत्तर मला खूप शिकवून गेलं. त्यांना नवीन कंपायलर लिहायचा नव्हता, आहे तोच जसाच्या तसा उचलून न्यायचा होता. जुन्याच्या वागण्यात तसूभर फरक पडला तर जगभरातले प्रोजेक्ट मोडतील. जुना कोड फंक्शन्स आणि साध्या रचनांचा, एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या गुंतागुंतीच्या डेटाचा. गोमध्ये तो जवळपास ओळीला ओळ बसतो आणि मेमरीची साफसफाई भाषाच करते. रस्टमध्ये न्यायचा तर अख्खी रचना नव्याने विचारात घ्यावी लागली असती. स्वतःच्या अपत्याचा मोह सोडून कामाला जुळेल ते घेणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

पर्जन्यमापक (बुधवार, रात्री ९.१५)

मी पावसाच्या आकडेवारीवर काम करते, पायथन. धागा वाचताना एक मुद्दा सतत खटकत होता, म्हणून लिहिते.

भारतीय हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची जाळी आहे, नकाशावरच्या पाव अंश बाय पाव अंशाच्या चौकोनांची. जिथे नोंद नाही तिथे -९९९ असतं. माझ्या पहिल्याच वर्षी मी कोकणातल्या एका ठिकाणाची हंगामी सरासरी काढली. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. मी हाताने जोडलेल्या फाइलमध्ये एका दिवसाचा -९९९ गाळायचा राहिला होता. रोज सरासरी पंचवीस मिलिमीटर पडणाऱ्या ठिकाणी आकडा साडेसोळाच्या आसपास आला. उणे आला असता तर लगेच दिसलं असतं. साडेसोळा खरा वाटतो! तक्ता तयार झाला, रंगीत नकाशा झाला. आमच्या सरांनी नकाशाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, 'त्या वर्षी तिथे दुष्काळ होता का गं?' ते त्या भागातले. त्यांना आठवत होतं की त्या पावसाळ्यात पूर आला होता.

सांगा, कुठल्या कंपायलरने हे पकडलं असतं? पाऊस उणे असत नाही हे भाषेला ठाऊक नाही. आमच्याकडे चूक पकडतो तो विषय जाणणारा माणूस. आणि पायथनमुळे तो माणूस स्वतः कोड वाचू शकतो, ही त्या भाषेची खरी ताकद. वेगाचं काम नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या पोटातलं सी उरकतं. राहता राहिलं ते प्रोग्रॅममधला एकावेळी एकच थ्रेड (समांतर चालणारी कामाची लडी) चालू देणारं पायथनचं कुलूप, गिल. तेही काढलेली प्रायोगिक आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ सोबत आली.

रानपाखरू (बुधवार, रात्री १०.४०)

पर्जन्यमापक, माझ्या मांडणीत हे खरंच राहिलं होतं. सरांसारखा माणूस कुठलीही भाषा देऊ शकत नाही, मान्य.

पण जरा वेगळ्या बाजूने बघा. -९९९ हा नलचाच थोरला भाऊ आहे. 'नोंद नाही' ही गोष्ट आपण एका आकड्याच्या वेषात लपवली, मग बेरजेत तो आकडा म्हणूनच वावरला. रस्ट किंवा हॅस्केलमध्ये 'असेल किंवा नसेल' हा वेगळाच प्रकार असतो, तो उलगडल्याशिवाय बेरीज करताच येत नाही. फाइल वाचतानाच -९९९ चं तसं रूपांतर केलं असतं तर एवढी एक चूक कंपायलरकडे गेली असती. पूर आणि दुष्काळ सरांकडे.

पर्जन्यमापक (बुधवार, रात्री ११.००)

हो, हे पटलं. आता आम्ही फाइल वाचतानाच ते झाकतो. पण तो नियम आम्ही केलाय, भाषेने नाही.

अनुस्वार (गुरुवार, सकाळी ११.३०)

आपल्या घरचीच चूक आणते. मी मराठी मजकुराच्या सॉफ्टवेअरवर काम करते.

'मराठी' या शब्दाची लांबी किती? रस्टला विचारा, पंधरा सांगेल, कारण ती बाइट, म्हणजे साठवणीची घरं मोजते. पायथन ३ पाच सांगेल, काना आणि वेलांटी वेगळी धरून. स्विफ्ट तीन सांगेल, आपण शाळेत मोजतो तशी. तिघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

एका शिक्षणसंस्थेत ओळखपत्रं छापली गेली. डेटाबेसमध्ये नावाला वीस बाइट. इंग्रजीत वीस म्हणजे वीस अक्षरं, बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच. मराठीत एका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे सहा चिन्हं आणि दोन बाइट उरलेले. 'प्रतीक्षा' नावाच्या मुलीचं कार्ड आलं, त्यावर 'प्रतीक' आणि पुढे एक फुटका चौकोन. मुलीचा फोटो, मुलाचं नाव. ती माझ्यासमोर कार्ड घेऊन उभी होती आणि खिडकीतले गृहस्थ तिलाच विचारत होते, 'फॉर्म नीट भरला होतास का?'

इथे चूक ना कंपायलरने पकडली, ना टेस्टरने, ना रात्रीच्या फोनने. ती त्या मुलीच्या गळ्यात वर्षभर लटकली. जोडाक्षर हे एकच अक्षर मानायचा नियम युनिकोड या जगभरच्या लिपींच्या मानकाच्या मजकूर-विभागणीत २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. तोवर 'क्षि'चे दोन तुकडे पडणं नियमानुसार होतं. भाषा घडवणाऱ्यांच्या खोलीत आपली लिपी लिहिणारी माणसं जितकी जास्त, तितक्या या चुका लवकर सापडतील असं मला कळकळीने वाटतं.

जुनाखांब (गुरुवार, दुपारी ४.००)

अनुस्वार ताई, पोटात कालवलं. दोन अंकांचं वर्षही असंच होतं, जागा वाचवणाऱ्याला पुढचा माणूस दिसत नव्हता.

बाकावरचा (शुक्रवार, रात्री ८.२०)

ताई, तुमचं वाचून आमचा ग्रंथालयाचा मिनी प्रोजेक्ट उघडला. सीमध्ये आहे, नावाला वीसचा ॲरे. 'ज्ञानेश्वरी' घातलं. 'ज्ञाने' आलं आणि पुढे तसाच चौकोन. मग तीस केलं तर 'ज्ञानेश्व' आणि पुन्हा चौकोन. म्हणजे आकडा वाढवून उपयोग नाही, हे कळलं. अक्षराच्या हद्दीवर कसं तोडायचं? कार्डावर जागा कमी आहे.

अनुस्वार (शुक्रवार, रात्री ९.०५)

शाब्बास, स्वतः करून बघितलंस. आयसीयू नावाची लायब्ररी आहे, तिच्यात अक्षरांच्या हद्दी मोजणारं साधन मिळेल. ते शिकून घे, पुढे लागेल. पण नाव मात्र तोडूच नकोस. कार्डावर नावाला दोन ओळी दे आणि कॉलेजचा लोगो थोडा लहान कर.